दोन्हीकडे ‘वर’

खोटं बोलायचं नाही असं माझं एक व्रत आहे, म्हणून आधीच सांगून टाकते: मला चित्रातलं काही कळत नाही. फूल काढलं असेल तर फूल कळतं, हत्ती काढला असेल तर हत्ती. आमच्या ह्यांनी जन्मात एकच चित्र काढलं, आणि त्यात फूलही नाही, हत्तीही नाही. उभा, माझ्या छातीपर्यंत येईल एवढा कॅनव्हास. एका टोकाला काळ्या शाईचे पाच-सहा फटकारे आणि बाकी सगळी मोकळी जागा. दुसऱ्या टोकाला लाल-पिवळ्या तेलरंगाचे जाड थर, सुरीनं थापलेले. मध्ये कुठेतरी दोघांची गाठ पडते. तिथे नक्की काय होतं ते काही मला सांगता येणार नाही.

“पूर्वेकडचे चित्रकार जागा सोडतात आणि पश्चिमेकडचे जागा भरतात,” असं हे मला सांगायचे. “मला दोन्ही एका चित्रात हवंय.” मी म्हणायची, “आधी कपाटावरची जागा मोकळी करा, ती तुम्हीच भरलीय.” झालं, आमची कलाचर्चा एवढीच.

ह्यांना जाऊन अकरा महिने झाले होते. ह्यांच्या जुन्या कचेरीचं पत्र आलं, ह्यांच्याच नावानं. निवृत्त कर्मचाऱ्यांच्या कलाकृतींचं प्रदर्शन भरतंय, आपली कलाकृती पाठवावी. पत्र दोनदा वाचलं, देवापुढे ठेवलं, आणि पाठवायचं ठरवलं. सोबत अर्ज होता. त्यात एक रिकामी चौकट होती आणि खाली लिहिलं होतं, ‘वरची बाजू बाणाने दाखवा.’

मी चित्र पालथं केलं. मागे एका कडेला, ह्यांच्या सुबक अक्षरात, लिहिलेलं होतं: ‘वर’. जीव भांड्यात पडला. मग दुसऱ्या कडेकडे लक्ष गेलं. तिथेही लिहिलेलं होतं: ‘वर’.

आता, दोन्हीकडे वर असलेलं या जगात काही नसतं. देव सोडून.

हे एकतीस वर्षं नकाशा कचेरीत होते, आणि ‘वर’ लिहिल्याशिवाय त्यांच्या हातून कागद सुटत नसे. आमच्या घरात खोक्यांवर ‘वर’ आहे, गादीच्या खोळीवर आहे. कचेरीचा दुसरा नियमही त्यांनी घरी आणला होता. नकाशात चूक झाली तर खाडाखोड करायची नाही. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर ते लिहायचं, आणि कुणाच्या सांगण्यावरून बदललं तेही लिहायचं. आमच्या एका बरणीवर अजून ‘साखर’ या शब्दावर एक रेघ आहे, पुढे ‘मीठ’ आहे, आणि त्याखाली बारीक अक्षरात ‘पाहुण्यांच्या तक्रारीवरून दुरुस्ती’. पाहुणे पुन्हा आले नाहीत.

अशा माणसानं दोन्हीकडे ‘वर’ लिहावं? तेही एक पक्क्या शाईत आणि एक पेन्सिलीनं?

मी अडून बसण्याचं कारण नुसता अर्ज नव्हता. ते सांगते, म्हणजे मग पुढचं हसायला हरकत नाही.

सकाळी आंघोळीपासून दहा वाजेपर्यंत माझं मौन असतं. सव्वीस वर्षं. त्याची वही आहे, रोज एक खूण करते, एकही खाना रिकामा नाही. अकरा महिन्यांपूर्वी त्या दिवशी साडेआठच्या सुमारास मी देवापुढे बसले होते आणि हे दोन्ही हातांत चित्र धरून दारात आले. रंग ओला होता, बोटांना लागला होता. “झालं एकदाचं,” म्हणाले. “कसं झालंय? सांग.”

मौनाचं त्यांना ठाऊक होतं. पण आनंद झालेल्या माणसाला घड्याळ दिसत नाही.

मी बोटं पसरून मनगट फिरवलं. म्हणजे थांबा, मग सांगते. आणि डोळे मिटून घेतले. ते क्षणभर तसेच उभे होते, मग आतल्या खोलीत गेल्याचं कळलं. आतून एकदा “अरे वा!” असं ऐकू आलं; मला वाटलं रेडिओ लावला. थोड्या वेळानं चपला घालून बाहेर पडले. दहाला माझं मौन सुटलं. साडेअकराला ते आले, दाराजवळच्या स्टुलावर बसले, एक चप्पल काढली. हात पुसत मी स्वयंपाकघरातून येईपर्यंत सगळं झालं होतं. दुसरी चप्पल मी काढली.

तेव्हा विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर राहून गेलं ते गेलंच. आता निदान ते चित्र सरळ लागावं, एवढीच इच्छा होती. चार लोकांत आपल्या माणसाला खाली डोकं वर पाय करून उभं करू नये.

बातमी वरच्या मजल्यावर गेली आणि निवृत्त हेडमास्तर खाली आले. परनिंदा न करण्याचंही माझं व्रत आहे, म्हणून फक्त घडलं तेवढंच सांगते.

“ताई, यात घाबरण्यासारखं काही नाही. यात शास्त्र आहे,” ते म्हणाले. त्यांनी दोऱ्याला किल्ल्यांचा जुडगा बांधून ओळंबा केला आणि चित्रासमोर धरला. “रंग ओघळतो तो खालच्या दिशेला. ओघळ शोधा, झालं.”

ओघळ सापडले. शाईचे एका दिशेला गेले होते, तेलरंगाचे बरोबर उलट. हेडमास्तरांनी चष्मा पुसला.

“हे शास्त्राला धरून नाही. साहेबांकडून ही अपेक्षा नव्हती.”

“ते चित्र फिरवून फिरवून काढत असत,” मी हळूच म्हटलं.

“चुकीची पद्धत. असो. पक्की शाई ती पक्की, पेन्सिल ती कच्ची. म्हणजे रंगीत बाजू वर. पण खात्री करून घेऊ. दुसऱ्या बाजूनं बघायला हवं.”

मी चित्र फिरवायला उठले. “थांबा, तेलरंग असा वरचेवर हलवू नये,” ते म्हणाले. “चित्र फिरवायचं नाही, ताई. आपणच फिरायचं.” एवढं बोलून त्यांनी चित्राकडे पाठ केली, कमरेत वाकले, आणि दोन्ही पायांच्या मधून पाहू लागले. वय त्र्याहत्तर.

“ताई,” पायांच्या मधून आवाज आला, “असंही बरं दिसतंय हो.”

“बरं, आता सरळ व्हा.”

“तेच जमत नाहीये.”

शेजारच्या दोघांना हाक मारली आणि आम्ही तिघांनी मिळून त्यांना तशाच आकारात जिन्यावरून वर नेलं. जाता जाताही “रंगीत बाजूच वर!” असं ओरडत होते. दार उघडल्यावर त्यांच्या बायकोनं एकदा नीट पाहून घेतलं आणि विचारलं, “यांची कुठली बाजू वर धरलीय तुम्ही?”

दुसऱ्या दिवशी माझ्या नणंदबाई आल्या. वन्संचा भावावर फार जीव. चित्रासमोर खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, “वहिनी, हे दादानं काढलेलं नाही.”

“माझ्यासमोर काढलंय, वन्सं.”

“दादा म्हणजे सरळ रेषेचा माणूस. पाचवीत असताना ताटातल्या भातालासुद्धा चारी बाजू सारख्या करायचा. आणि हे? हे म्हणजे मांजर दौतीत पडून पळाल्यासारखं.”

“पूर्वेकडची पद्धत आहे म्हणे ती.”

“मग पूर्वेकडे मांजरं फार असतील.” पण थोड्या वेळानं जवळ गेल्या, रंगीत बाजूवरून बोट न लावता हात फिरवला. “हे मात्र छान आहे. सूर्य उगवल्यासारखं. सूर्य वरच असतो, हीच बाजू वर. यात विचारायचं काय?”

शास्त्र आणि नणंद यांचं एकमत झालं, तेव्हा मी ह्यांचं पेन काढलं आणि अर्जात बाण काढून टाकला. मनावरचं ओझं उतरलं. त्या आनंदात चहा टाकायला आत गेले, आणि इथेच चुकलं. परत आले तर वन्संच्या हातात ओलं फडकं.

“वहिनी, किती काळं साठलं होतं हो यावर! अकरा महिने पुसलं नाहीत वाटतं?”

“वन्सं, ती शाई आहे.”

“कुठली शाई?”

“चित्राची.”

त्या फडक्याकडे बघत राहिल्या. शाईच्या एका फटकाऱ्याचं टोक करडं होऊन वितळलं होतं, धुक्यासारखं. “मी दादाचं चित्र पुसलं?” एवढंच म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला. मी कपबशी खाली ठेवली. रागावायचं नाही असंही माझं एक व्रत आहे. त्या दिवशी ते मी कसं पाळलं ते माझं मला माहीत. मी त्यांच्या हातातून फडकं घेतलं. धुवायला टाकवेना. घडी करून ठेवलंय.

अर्ज घेऊन कचेरीत गेले. टेबलामागे आवक-जावकचा कारकून होता, पोरगेलासा, बोलायला गोड.

“या आजी, बसा. शैली राहिलीय बघा तुमची. ‘पौर्वात्य, पाश्चात्त्य. लागू नसेल ते खोडा.’”

“दोन्ही लागू आहे.”

“दोन्ही कसं असेल? एक खोडा.”

“मग अर्धं चित्र खोडावं लागेल.”

त्यानं डोकं खाजवलं. “आजी, मी कशाला अडवीन? पण दालनं दोन आहेत. डावीकडे पौर्वात्य, उजवीकडे पाश्चात्त्य. मधे भिंत आहे. आता भिंत पाडू का?”

“आमच्या ह्यांनी तेच केलंय म्हणतात.”

“बरं, बघतो काय ते. इथे चित्रकाराची सही लागेल. ते आलेत का?”

“नाही.”

“कधी येतील?”

“येणार नाहीत.”

“मग त्यांचं अधिकारपत्र आणा. दोन ओळी पुरे. ‘माझ्या वतीनं पत्नीस अधिकार देत आहे.’ आज मिळेल ना?”

मी काही बोलले नाही. तेव्हा मौनाची वेळ नव्हती, तरी बोलले नाही. त्यानं अर्जावरचं नाव पुन्हा वाचलं, मग शेजारच्या यादीत पाहिलं, आणि कानापर्यंत लाल झाला. “आजी... चुकलो मी. करा, तुम्हीच करा सही.” मी सही केली. नावाच्या आधी त्यानं स्वतः ‘श्रीमती’ लिहिलं. मग खालमानेनं म्हणाला, “पण चित्राला फ्रेम आणि हुक नाही. नियम सातवा. परवापर्यंत लावून आणा, मी जागा ठेवतो.”

चित्र चादरीत गुंडाळून बसमध्ये चढले. कंडक्टर म्हणाला, “मावशी, हे आडवं धरा.” मागचे म्हणाले, “उभं धरा.” सल्ला द्यायला चित्र दिसायलाच लागतं असं नाही.

आमच्या रस्त्याच्या टोकाला एक फ्रेमवाला आहे. दुकानात फ्रेमा एवढ्या, की बोलायला आत शिरताना स्वतःलाच चौकटीत बसवून घ्यावं लागतं. मी चादर सोडली. त्यानं हातातली करवत खाली ठेवली.

“अहो बाई, याची फ्रेम तर केव्हाची तयार आहे!”

मला वाटलं माणसाचा घोटाळा होतोय. पण तो आतून एक चौकट घेऊन आला. साधी, काळसर लाकडाची, वर धूळ. “साहेब स्वतः मापं देऊन गेले. रंग ओले आहेत म्हणाले, चित्र नंतर आणतो. मग कुणी आलंच नाही. पत्ता नव्हता माझ्याकडे, नाहीतर पोचवली असती.” मी त्याला सांगितलं, का आले नाहीत ते. तो स्टुलावर बसला. “त्याच दिवशी? अहो, काय खुशीत होते त्या दिवशी!”

“चित्र झालं म्हणून असेल.”

“छे, चित्राचं कुठे! तुमचं सांगत होते. म्हणाले, एकेचाळीस वर्षांच्या संसारात बायकोनं माझ्या कामात आज पहिल्यांदा चूक दाखवली. एक शब्द बोलली नाही, नुसता हात असा फिरवला,” आणि त्यानं माझ्यासमोर बोटं पसरून मनगट फिरवलं, “उलटं करा. आणि करून बघतो तर काय, तिचंच बरोबर! दोनदा सांगितलं मला. तिसऱ्यांदा सांगायला लागले तेव्हा म्हटलं, साहेब, कळलं, हुक कुठे लावू तेवढं सांगा.”

फ्रेमच्या मागे हुकाशेजारी एक चिठ्ठी चिकटवलेली होती. अक्षर ह्यांचं. ‘रंगीत बाजू वर’ असं लिहून त्यावर एकच रेघ मारलेली. शेजारी: ‘मोकळी बाजू वर. सौ.च्या सूचनेवरून दुरुस्ती.’ खाली आद्याक्षरं, तारीख.

सौ. म्हणून मला कुणी लिहिलेली ती शेवटची ओळ.

मी म्हणायला तोंड उघडलं, की मी तसं काही सुचवलं नव्हतं. मी थांबा म्हटलं होतं. फ्रेमवाला डोळे पुसत होता. मी तोंड मिटलं. न बोलणं म्हणजे खोटं बोलणं होतं का, हे मी नंतर देवाला विचारलं. त्यानंही मौन धरलं.

घरी आणून चित्र भिंतीला टेकवलं. आधी रंगीत बाजू वर करून पाहिलं, मग फिरवलं. दुपारभर हेच केलं. मला चित्रातलं कळत नाही हे सांगितलंच आहे. पण रंग वर असला की खालची शाई दडपल्यासारखी होते, ओझं डोक्यावर घेऊन उभ्या असलेल्या बाईसारखी. आणि मोकळी जागा वर आली की ते सगळं लाल-पिवळं खाली शांत बसतं, घरी आलेल्या माणसासारखं. वन्संनी पुसलेलं टोकसुद्धा असंच बरं दिसतं. वर कुठेतरी विरत गेल्यासारखं. हे मी सुचवलं नव्हतं. पण सुचवायला हवं होतं.

पेन्सिलीत का लिहिलं होतं तेही तेव्हा उमगलं. कचेरीत बदल आधी पेन्सिलीनं करायचा, वरून मंजुरी आली की मग शाईनं पक्का करायचा. म्हणजे दहाला माझं मौन सुटायची ते वाट बघत होते. मी त्यांचं पेन घेतलं आणि पेन्सिलीतल्या ‘वर’ वरून शाई फिरवली. दुसऱ्या ‘वर’ वर एक रेघ मारली. खालचं वाचता येईल अशी.

चित्र कचेरीत पोचवलं. प्रदर्शन सकाळी नऊला उघडणार होतं. माझं मौन दहापर्यंत. म्हटलं, बरंच झालं, कुणी काही विचारलं तर बोलावं लागणार नाही.

वन्सं माझ्यासोबत आल्या होत्या. हेडमास्तर कमरेला पट्टा बांधून आमच्याआधी हजर. कारकुनानं शब्द पाळला होता. भिंत पाडली नव्हती, पण चित्र दोन दालनांच्या मधल्या बोळात, पाण्याच्या पिंपाशेजारी लावलं होतं. ना इकडे, ना तिकडे.

आणि रंगीत बाजू वर करून.

“बघा!” हेडमास्तर म्हणाले. “शास्त्र!”

“सूर्य वर,” वन्सं म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला.

कारकून लगबगीनं आला. “आजी, बरोबर लागलंय ना? हुक दुसऱ्याच बाजूला होता बघा. पण मी अर्ज काढला, अर्जातला बाण पाहिला, आणि हुक काढून खालच्या बाजूला ठोकला. अर्ज तो अर्ज.”

मी बोटं पसरून मनगट फिरवलं. उलटं करा.

“थांबू?” तो म्हणाला. “थांबतो ना. सावकाश बघा तुम्ही. मग सांगा.” आणि हसून निघाला.

मी पुन्हा मनगट फिरवलं. दोन्ही हातांनी फिरवलं. वन्सं कारकुनाला म्हणाल्या, “मौन आहे त्यांचं. ही खूण मला माहीत आहे. म्हणजे नंतर बोलू.” तो बोळाच्या टोकाला पोचला होता. ह्यांना उलटं समजलं होतं, तेव्हा मला थांबा म्हणायचं होतं. आता उलटं म्हणायचं होतं, तर सगळं जग थांबायला तयार.

समोरच्या घड्याळात नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती.

“उलटं करा!”

माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. दोन्ही दालनांतली माणसं बोळात डोकावली. वन्संनी माझा हात धरला. “वहिनी, तुमचं मौन...”

“आजी, पण अर्जात बाण तर...” कारकून म्हणाला.

“अर्ज चुकलाय. बाण मी काढलाय. मी चुकले. ह्यांचं बरोबर होतं.”

त्यानं अर्जाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हातोडी आणवली. चित्र फिरलं. हेडमास्तर म्हणाले, “मी त्या दिवशी म्हटलंच होतं, असंही बरं दिसतंय.” ते खरं होतं. माणसं पांगली. पिंपाच्या नळातून थेंब पडत होता. मी चित्राजवळ गेले, आणि अकरा महिन्यांपूर्वी साडेआठ वाजता विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं.

“छान झालंय,” मी म्हटलं.

संध्याकाळी दिवा लावला आणि मौनाची वही उघडली. त्या दिवसाचा खाना रिकामा सोडता येईना. त्यात ‘मौन’ असं लिहिलं आणि त्यावर एकच रेघ मारली, खाडाखोड न करता. शेजारी लिहिलं, ‘ह्यांच्या सूचनेवरून दुरुस्ती’.